पागलखाना चौक... उतरणार कोण?

शेअर ऑटोत बसा आणि सदरहून कोराडी रोडला लागा. छावणी मागे पडली की ऑटोवाला मान न वळवता आवाज देतो, "पागलखाना कोण आहे?" मागच्या सीटवरचे काका मांडीवरचा टिफिन सावरत शांतपणे म्हणतात, "मी आहे." ऑटोत कुणी हसत नाही. हसतो तो फक्त पुण्या-मुंबईहून नुकताच ट्रान्सफर होऊन आलेला!

पागलखाना चौक. आपल्या नागपुरात हा आधी पत्ता आहे, शिवी नंतर. इथे लोक राहतात, भाजी घेतात, मुलांना ट्यूशनला सोडतात. लग्नपत्रिकेवर हा लँडमार्क छापायची हिंमत मात्र मी अजून कुणात पाहिलेली नाही. सरकारी नाव आहे प्रादेशिक मनोरुग्णालय, नागपूर. एकदा मी मुद्दाम ऑटोवाल्याला तेच सांगून पाहिलं. तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "असं का? पागलखाना म्हना ना मॅडम, कायले एवढं लांब नाव घेऊन राहिल्या!"

महाराष्ट्रात प्रत्येक भागाने या कामासाठी एकेक गाव ठरवून टाकलंय. मुंबईकर म्हणतो, 'ह्याला ठाण्याला भरती करा.' पुणेकर येरवडा म्हणतो, आणि त्यातून तुरुंग घ्यायचा की हॉस्पिटल हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. कोकणात रत्नागिरी. राज्यातली चार जुनी मोठी सरकारी मनोरुग्णालयं याच चार ठिकाणी आहेत. मंजूर खाटांचे वर्षानुवर्षं सांगितले जाणारे आकडे असे: येरवडा २५४०, ठाणे १८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. आकाराने आपलं तिसरं, पण वयाने थोरलं. ठाण्याचं १९०१ सालचं, रत्नागिरीचं १८८६ सालचं. नागपूरचं १८६४ सालचं!

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका मैत्रिणीमुळे. आयटी कंपनीत एचआरला आहे. हुशार, बडबडी, ऑफिसच्या प्रत्येक बर्थडेला केक आणणारी. गेल्या वर्षी तिला पॅनिक अटॅक यायला लागले. मीटिंगमध्ये अचानक छाती धडधडायची, हात गार पडायचे. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. शेवटी धंतोलीतल्या एका सायकियाट्रिस्टकडे गेली. गोळ्या सुरू झाल्या, सहा आठवड्यांत फरक पडला. पण ती अ‍ॅक्टिव्हा लावते क्लिनिकपासून दोन गल्ल्या लांब. ऑफिसात सांगते डेंटिस्ट. एवढ्या महिन्यांत तिचा एक दात तरी नवा यायला हवा होता, असं मी तिला म्हटलं. ती हसली नाही. म्हणाली, "आईला कळलं ना, तर तिच्या डोळ्यांसमोर डायरेक्ट मानकापूरची भिंत येईल."

धंतोलीतल्या क्लिनिकात एसी आहे, टीपॉयवर मासिकं आहेत, कोपऱ्यात मनी प्लँट आहे. मानकापूरच्या भिंतीशी त्याचा संबंध काय? तरी भिंत येतेच. मग म्हटलं, ही भिंत आहे तरी काय, ते एकदा नीट बघूया.

रेल्वेच्याही आधी

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले. वारस नाही म्हणून डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस हा नवा प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. आता राजधानी म्हटली की काय काय लागतं? रेल्वे आली १८६७ साली. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. मॉरिस कॉलेज १८८५ सालचं. आणि वेड्यांचं असायलम? १८६४. म्हणजे गाडी, गिरणी आणि कॉलेज या तिघांच्याही आधी साहेबाला पागलखान्याची गरज वाटली!

घाईचं कारण कायद्यात सापडतं. १८५७ चं बंड शमलं आणि १८५८ साली वेड्यांविषयी एकदम तीन कायदे आले. त्यातला ३६ क्रमांकाचा असायलमसंबंधीचा. रस्त्यावर मोकाट भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा माणूस पोलिसाने धरायचा, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा, डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि आत पाठवायचा. क्रम बघा. पोलीस पहिला, डॉक्टर नंतर. शहर स्वच्छ, सुरळीत दिसावं ही मूळ काळजी. आतल्या माणसाला बरं वाटावं हा पुढचा प्रश्न.

त्याआधी काय व्हायचं? 'पूर्वी एकत्र कुटुंब होतं, सगळं सांभाळून घ्यायचे' असं आपले काका-मामा फार प्रेमाने सांगतात. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं वाड्याच्या मागच्या खोलीत कडी लावून बसलेलं असायचं. देवऋषी, भगत, दर्गा, मंदिर, अंगारा, कुठे ब्राह्मी घृत, कुठे साखळी. आणि साखळी फार जुनी गोष्ट नाही हं. तामिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमवजा घराला आग लागली. आतली माणसं बांधलेली होती, पळता आलं नाही. २८ जण गेले. तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे मोबाईल आला होता.

गांजाचा रकाना

मध्य प्रांतातल्या असायलम्सचे जुने वार्षिक अहवाल स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलेत. मास कॉमला असताना 'आर्काइव्ह' हा शब्द ऐकला की मला झोप यायची, पण हे अहवाल मी रात्री दोनपर्यंत वाचत बसले. त्या काळच्या असायलम्सच्या अहवालांचा साचा ठरलेला. वर्षारंभी किती, नवे किती, पुरुष किती, बायका किती (बायका नेहमीच बऱ्याच कमी), गुन्हेगार किती, माणशी खर्च किती, बागेतून आणि विणकामातून कमाई किती. प्रमुख म्हणजे जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन. त्याच्याकडे दवाखाना, तुरुंग, कॉलऱ्याची साथ, पोस्टमॉर्टेम हे सगळं, आणि जाता जाता असायलम. मानसोपचार शिकलेला माणूस म्हणून नव्हे, तर सरकारी डॉक्टर म्हणून तो तिथे असायचा.

एक रकाना मात्र भन्नाट आहे. वेडाचं कारण! शारीरिक आणि नैतिक असे दोन भाग. दुःख, धक्का वगैरे 'नैतिक'मध्ये. 'शारीरिक'मध्ये ताप, फेफरं आणि सगळ्यांत लाडकं कारण म्हणजे गांजा. असायलमचे आकडे बघितले तर वाटावं, अख्खा हिंदुस्थान चिलीम ओढून येडा झालाय. त्यात आपला प्रांत म्हणजे गांजाचा मुलूख. सरकारी परवान्याने गांजा पिकवायची जागा खांडव्याला होती, आणि खांडवा तेव्हा मध्य प्रांतात.

शेवटी लंडनच्या पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला गेला आणि १८९३-९४ साली इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन बसलं. या कमिशनने एक साधं, चोख काम केलं. १८९२ या एका वर्षात देशभरातल्या असायलम्समध्ये गांजा-भांगेच्या नावावर जेवढे भरती झाले, त्यांची केस एकेक करून मुळापासून तपासली. निघालं काय? बहुतेक ठिकाणी कारण डॉक्टरने शोधलेलंच नव्हतं. माणसाबरोबर पोलिसांचा कागद यायचा, त्यावर गांजा लिहिलेलं असायचं, ते रजिस्टरात उतरवलं जायचं. पोलिसाला तरी कुठे माहीत? कारणाची जागा रिकामी सोडता येत नाही, माणूस फकिरासारखा दिसतोय, लिहा गांजा! कमिशनने स्वच्छ सांगितलं की हे आकडे भरवशाचे नाहीत.

कारकुनाने फॉर्म भरायचा म्हणून भरला आणि तेच शास्त्र झालं. ऑफिसात एक्सेल शीटचे कॉलम भरणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

बाबा सोळा वर्षं आत होते

कमिशनने तपासायला घेतलेल्या त्याच १८९२ साली नागपूरच्या पागलखान्यात एक माणूस दाखल झाला. त्याचं नाव आज शहरातल्या रिक्षांवर, दुकानांवर, हिंदूंच्या घरांत, मुसलमानांच्या घरांत सगळीकडे दिसतं. ताजुद्दीन बाबा!

बाबांचा जन्म कामठीचा, १८६१ चा. म्हणजे मध्य प्रांत आणि बाबा एकाच वयाचे. लहानपणी आई-वडील गेले, आजोळी वाढले, पुढे पलटणीत शिपाई झाले, सागरला गेले. तिथे एका सूफी संताच्या मजारीवर रात्री घालवू लागले, नोकरी सोडली, कामठीला परतले ते वेगळेच होऊन. भक्त म्हणतात, ती ईश्वरात हरवल्याची अवस्था. त्या काळच्या कामठीतल्या अनेकांना ते वेड वाटलं, पोरं दगड मारायची. कामठी छावणीचं गाव. तिथल्या साहेबांच्या क्लबासमोर ते विवस्त्र गेले आणि मग कायद्याने आपलं काम केलं. पोलीस, मॅजिस्ट्रेट, सर्टिफिकेट. चरित्रांमध्ये तारीख येते २६ ऑगस्ट १८९२.

बाबा आत होते किती? १६ वर्षं. त्यांच्या चमत्कारांच्या कथा पुष्कळ आहेत, त्यात मी शिरत नाही. ज्याची त्याची श्रद्धा. मला थक्क करते ती गर्दी. ज्या भिंतीजवळून लोक मान खाली घालून जायचे, तिथे दर्शनाला रीघ लागली. आवारातल्या बाबांच्या जागेला भाविक आजही मानतात. पागलखान्याला लोक आपण होऊन, नवस घेऊन, फुलं घेऊन जातायत, हे दृश्य जगात दुसऱ्या कुठल्या असायलमने पाहिलं असेल का, मला शंका आहे.

पण बाबा सुटले कसे? हे नीट ऐका. १९०८ साली नागपूरच्या भोसले घराण्यातले राजे रघुजीराव पुढे आले. राज्य गेलेलं होतं, मान होता. त्यांनी सरकारकडे अर्ज केला, हमी दिली, जामीन भरला आणि बाबांना थेट सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यावर नेलं. बाबांचं वागणं १८९२ मध्ये होतं त्यापेक्षा १९०८ मध्ये फार वेगळं होतं असं कुणीच सांगत नाही. बदललं ते एवढंच की दाराशी एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, हे माझ्याकडे राहतील. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबा गेले. उमरेड रोडवरच्या ताजबागला उरुसाला आपण सगळे जातो, प्रसाद खातो. बाबांना नागपूरने आधी कुठे ठेवलं होतं, हे त्या गर्दीत किती जणांच्या डोक्यात असतं?

जुन्या अहवालांत माणूस आतून बाहेर जाण्याचे मार्ग मोजके आहेत. बरा झाला. पळून गेला. मेला. आणि चौथा इंग्रजी शब्दांत लिहायचा तर 'फ्रेंड्स'च्या हवाली केला. हे फ्रेंड्स म्हणजे आपले कट्ट्यावरचे नव्हेत. त्या काळच्या सरकारी इंग्रजीत फ्रेंड्स म्हणजे नातेवाईक, घरची माणसं. बाबांना राजा मिळाला. प्रत्येकाला कुठून मिळणार?

पाटी बदलली

१९१२ साली नवा लुनसी अ‍ॅक्ट आला. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत 'लुनॅटिक असायलम' ही पाटी देशभर उतरवली गेली आणि 'मेंटल हॉस्पिटल' अशी लागली. रंग ओला होता तोवर छान वाटलं असेल. आत काय बदललं? स्वातंत्र्याच्या तोंडावर देशाच्या आरोग्याची पाहणी करायला भोर समिती बसली. तिच्यासाठी रांचीच्या युरोपियन मेंटल हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल मूर टेलर देशभरातली मनोरुग्णालयं फिरले. समितीचा अहवाल १९४६ साली आला. १९ हॉस्पिटलं, सगळ्यांच्या मिळून सुमारे १० हजार खाटा, आणि देशाची लोकसंख्या ४० कोटी! टेलरसाहेबांचं म्हणणं असं की यातली बहुतेक हॉस्पिटलं माणसाला डांबून ठेवायला बांधलीत, बरं करायला नाही. सगळ्यांत वाईट म्हणून त्यांनी चार नावं घेतली. पंजाब, आग्रा, ठाणे... आणि चौथं नागपूर. तुरुंगाची कळा आहे, ही पाडून नव्याने बांधा, असा शेरा.

विदर्भावर अन्याय होतो म्हणून आपण नेहमी ओरडतो. या यादीत मात्र पश्चिम महाराष्ट्राच्या बरोबरीने स्थान मिळालं होतं.

उपचार म्हणाल तर तोपर्यंत जगातच उजेड नव्हता. ब्रोमाइड, क्लोरल, अफू, थंड पाणी आणि बागकाम. व्हिएन्नाच्या एका डॉक्टरने १९१७ साली रुग्णांना मुद्दाम मलेरिया करवला आणि मेंदूपर्यंत पोचलेला सिफिलिस तापाने आटोक्यात आणला. १९२७ साली नोबेल! १९३० च्या दशकात इन्सुलिन देऊन कोमात नेणं आलं, मेंदूच्या नसा कापणं आलं (त्यालाही १९४९ साली नोबेल, यावर मी काही बोलत नाही), आणि १९३८ साली रोममध्ये विजेचा झटका. 'शॉक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमा येतो. हिरो किंवा हिरॉइन पट्ट्यांनी बांधलेली, दोन वायरी, किंकाळी, कट. आज शॉक भूल देऊन, स्नायू सैल करून देतात. भुलीशिवाय द्यायला कायद्यानेच बंदी आहे. काही तीव्र आजारांत तो जीव वाचवतो. पण सिनेमाचा सीन पुसला जात नाही.

खरा बदल आला गोळीने. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन. त्याच सुमारास आपली सर्पगंधा जगभर गाजली. ही मुळी आपल्याकडे शतकानुशतकं 'पागल की बूटी' म्हणून दिली जायची. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्यावर शोधनिबंध लिहिला होता. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या कंपनीने तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं आणि मग अमेरिकेने टाळ्या वाजवल्या. हळदीच्या पेटंटचं माहीत असतं सगळ्यांना, सर्पगंधेचं फार कमी जणांना माहीत असतं, म्हणून सांगितलं.

आता लॉजिक काय सांगतं? गोळी आली, माणूस शांत झाला, बोलू लागला, घरी जाईल. पश्चिमेत १९५५ नंतर मोठाली असायलम्स खरोखर रिकामी होऊ लागली. (तिथे त्यातले पुष्कळ जण रस्त्यावर आले, तो वेगळाच तमाशा.) आपल्याकडे बरेच जण बरे झाले आणि तिथेच राहिले.

पत्ता बदलला

माझ्या आजीची एक जाऊ होती. फोटोत आहे, नऊवारी, नाकात नथ, आजीच्या शेजारी. बाळंतपणानंतर ती बोलेनाशी झाली, मग बाळाला जवळ घेईना, मग रात्री उठून चालत जायला लागली. आज कुठल्याही गायनॅककडे गेलात तर ती लक्षणं ऐकून दहा मिनिटांत सायकियाट्रिस्टला फोन करतील. तेव्हा तिला एका मनोरुग्णालयात ठेवलं. कुठल्या, ते महत्त्वाचं नाही. शेजारपाजारी सांगितलं, माहेरी गेलीय. सुरुवातीला दर महिन्याला कुणीतरी भेटायला जायचं, मग दिवाळीला, मग नाही. दोन वर्षांनी हॉस्पिटलातून कार्ड आलं, पेशंट बरी आहे, घेऊन जा. आजी सांगायची, ते कार्ड देवघरातल्या फळीवर खूप दिवस होतं. उत्तर कोण देणार यावर घरात भांडणं झाली. तोवर त्या दिराचं दुसरं लग्न झालेलं होतं. मग घर बदललं. नंतर कार्ड आलं असेल तर जुन्या पत्त्यावर आलं असेल.

आजीला मी विचारलं, तू का नाही गेलीस? ती म्हणाली, "बाई, मला कोण विचारत होतं?"

पुढचं कुणाला माहीत नाही. हे एकट्या आमच्या घरात झालं असं समजू नका, कुठल्याही जुन्या फोटोत बोट फिरवून विचारा, 'ही कोण?' मनोरुग्णालयांच्या बातम्या वाचताना एक वाक्य हमखास येतं: रुग्ण बरा झाला, पण दिलेल्या पत्त्यावर नातेवाईक सापडले नाहीत. कधी पत्ताच खोटा दिलेला असतो. भरती करतानाच!

म्हणून या हॉस्पिटलची भिंत उंच आहे का, जाड आहे का, यात आता मला रस उरलेला नाही. भिंत १८६४ सालीही विटांचीच होती. बाबांना बाहेर काढायला ती पाडावी लागली नाही, एक सही पुरली.

कायदा म्हणतो, घरी जा

कायदा उशिरा का होईना, तिथवर आला. १९१२ चा लुनसी अ‍ॅक्ट आपण स्वतंत्र भारतात किती वर्षं वापरला असेल? मेंटल हेल्थ अ‍ॅक्ट १९८७ साली मंजूर झाला आणि लागू झाला १९९३ साली. म्हणजे रंगीत टीव्ही येऊन गेला, केबल आली, तरी कागदोपत्री आपण 'लुनॅटिक' होतो. त्याच १९९३ साली पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य आहे. हे सांगावं लागलं, कारण ठेवत होते. १९९९ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने बंगळुरूच्या निम्हान्सबरोबर देशातल्या ३७ मनोरुग्णालयांची पाहणी छापली. टेलरसाहेबांच्या अहवालाची अर्धशतकानंतरची दुसरी आवृत्ती म्हणावी, इतक्या तक्रारी सारख्या.

मग २०१७ चा मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट, लागू २९ मे २०१८ पासून. यातली दोन-चार कलमं आपल्या कामाची आहेत. कुणालाही साखळीने बांधायला बंदी. उद्या मी आजारी पडले तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत आणि माझ्या वतीने कोण बोलेल, हे आधीच लिहून ठेवायचा हक्क. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच मेडिक्लेम. (तुमच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी काढून बघा, एचआरला विचारा. विचारताना आवाज खाली जातो का, तेही बघा.) आणि कलम १९. घर नाही, घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. आजीच्या जावेसाठी हे कलम साठ वर्षं उशिरा आलं.

कागदावरून खाली उतरायला वेळ लागतोय. नागपूरच्या मनोरुग्णालयात २०१६ च्या सुमारास राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून 'उडान' नावाने बदलाचं काम हाती घेतलं. एम्प्रेस मिलवाले टाटा पुन्हा नागपुरात आले ते असे. वॉर्ड, कपडे, कामाचं प्रशिक्षण, आणि हॉस्पिटलबाहेर जिल्ह्यातल्या गावांपर्यंत उपचार नेणं. मला यातलं शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. काटोल-सावनेरच्या माणसाला गोळी तिथेच मिळाली तर भरती करायला कुणी आणणार नाही, आणि आणलं नाही तर विसरून जायचा प्रश्नच नाही. ओपीडीचंही तसंच आहे. कोराडी रोडच्या त्या गेटमधून आत जाणारे पुष्कळ जण डॉक्टरला भेटतात, गोळ्या घेतात आणि त्याच दिवशी ऑटो पकडून घरी परततात. हे दृश्य कुठल्याच सिनेमात नाही. मराठीत 'देवराई' (२००४) जवळपास गेला. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा हा सिनेमा, अतुल कुलकर्णीचा शेष आणि त्याला सांभाळताना थकून जाणारी बहीण. पाहिला नसेल तर या वीकेंडला शोधाच.

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर १०० प्रौढांमागे १० हून जास्त जणांना उपचाराची गरज असलेला मानसिक त्रास आढळला. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असंही त्यात आहे. आता तुमच्या फ्लोअरवर किती क्युबिकल्स आहेत, मोजा. त्यातल्या किती जणांना दातांचा एवढा त्रास आहे तेही मोजा. कुणाला आज रात्रीच बोलावंसं वाटलं तर केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट, मराठीत बोलता येतं.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मैत्रिणीला आधी वाचायला दिला. तिच्याविषयी लिहिलंय, परवानगी हवी ना. तिने एक दुरुस्ती सांगितली: अ‍ॅक्टिव्हा दोन गल्ल्या लांब नाही, तीन. आणि एक बातमी दिली. गेल्या रविवारी तर्री-पोहे खाता खाता तिने आईला सांगून टाकलं. सायकियाट्रिस्ट, गोळ्या, सगळं. आई बराच वेळ गप्प राहिली. मग चमचा खाली ठेवून तिने विचारलं, "जेवणाआधी घ्यायच्या असतात की नंतर?"